स्वादुपिंडाचा कॅन्सर, ऑपरेशन शक्य नाही आणि दुखणं थांबत नाही: क्लिनिकल ट्रायलबद्दल मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन होत नाही म्हणतात. मग एवढं दुखतं कशामुळे?

स्वादुपिंड पोटात अगदी मागे, पाठीच्या कण्याला लागून असतं. गाठ तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली किंवा यकृतापर्यंत पोचली, की सर्जन ती काढायला जात नाहीत. निदान होतं त्या वेळी पाचातल्या जेमतेम एका रुग्णाचं ऑपरेशन शक्य असतं, आणि हे जगभर असंच आहे. सुरुवातीला हा आजार बोलतच नाही. तेव्हा ‘आपण उशीर केला’ म्हणून घरच्यांनी स्वतःला दोष देत बसू नये.

दुखण्याचं मूळ नसांत आहे. स्वादुपिंडाच्या मागे, महाधमनीला लागून नसांचं एक जाळं असतं. डॉक्टर त्याला सीलिअ‍ॅक प्लेक्सस म्हणतात. गाठ या नसांच्या आवरणातून आत शिरते. म्हणून वरच्या पोटात सुरू झालेली कळ पाठीत भरून येते, उताणं झोपलं की वाढते आणि उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलं की थोडी उतरते.

पण सगळं दुखणं नसांचं नसतं, आणि इथे पुष्कळदा गफलत होते. चार दिवस शौचाला न झाल्यानं पोट दुखतं. स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडल्यानं जेवणानंतर गच्च फुगून दुखतं, शौचाला तेलकट, चिकट होतं. यावर एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, जेवून उठल्यावर घेतल्या तर निम्मा उपयोग वाया जातो. ही कारणं आधी निस्तरल्याशिवाय ट्रायलचा, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या उपचाराच्या चाचणीचा, विचार करू नये. नाहीतर बद्धकोष्ठाच्या दुखण्यावर नसेचं इंजेक्शन घेतल्यासारखं होतं.

दुखण्याची ट्रायल म्हणजे कॅन्सर बरा करण्याची ट्रायल का?

नाही, आणि हे आधीच स्पष्ट असलेलं बरं. या ट्रायलमध्ये मोजतात ते दुखणं, झोप, मॉर्फिन या दुखण्यावरच्या जोरदार औषधाचा रोजचा डोस, रुग्ण स्वतःच्या हातानं किती करू शकतो ते. गाठ लहान झाली का हा तिथला मुख्य प्रश्न नसतो.

तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जेमसिटाबीन हे या कॅन्सरवरचं आज सगळीकडे वापरलं जाणारं केमोचं औषध मान्य झालं, त्यात दुखण्याचा मोठा वाटा होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ट्रायलमध्ये १२६ रुग्ण होते. दुखणं, वजन आणि अंगातली ताकद असं सगळं धरून ‘फायदा झाला का’ ते मोजलं. जेमसिटाबीन घेणाऱ्यांत २३.८ टक्के लोकांना फायदा झाला, जुनं औषध घेणाऱ्यांत ४.८ टक्के. म्हणजे केमो हाही दुखणं कमी करण्याचा एक मार्ग आहे. फक्त तो लागू पडायला काही आठवडे जातात, आणि तोवर गोळ्या चालू ठेवाव्याच लागतात.

कोणकोणत्या उपचारांच्या ट्रायल होतात?

सगळ्यात जुना अभ्यास आहे तो नसांच्या जाळ्यात अल्कोहोल सोडून त्या नसा मारण्याचा. १९९३ साली १३७ रुग्णांवर झालेल्या ट्रायलमध्ये ऑपरेशनच्या वेळीच काहींना ५० टक्के अल्कोहोल दिलं आणि काहींना नुसतं सलाइन. अल्कोहोलवाल्यांचं दुखणं कमी राहिलं. २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १०० रुग्णांवर ट्रायल झाली. त्यात अर्ध्यांना खरं इंजेक्शन आणि अर्ध्यांना खोटं इंजेक्शन दिलं, गोळ्या मात्र सगळ्यांना पुरेशा दिल्या. खऱ्या इंजेक्शनानं दुखणं जास्त उतरलं. पण मॉर्फिनचा डोस, जगण्याचा दर्जा आणि आयुष्य यांत फरक दिसला नाही. ‘एका इंजेक्शनात गोळ्या बंद’ असं कुणी सांगितलं तर ही ट्रायल लक्षात ठेवा. २०११ साली ९६ रुग्णांवर झालेल्या ट्रायलमध्ये हेच इंजेक्शन एंडोस्कोपीतून, निदानाच्या वेळीच लवकर दिलं, आणि तीन महिन्यांनी त्या गटाचं दुखणं कमी होतं.

दुसरा प्रकार रेडिएशनचा. गाठीऐवजी त्या नसांच्या जाळ्यावरच नेम धरून एकाच बैठकीत २५ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) डोस द्यायचा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या अभ्यासात १२५ जणांना हा उपचार दिला. त्यांतल्या ज्या ९० जणांचं मोजमाप होऊ शकलं, त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांचं दुखणं तीन आठवड्यांत बऱ्यापैकी उतरलं. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. म्हणून हा आकडा आशेचा समजा, शेवटचा नाही.

याशिवाय वेगवेगळ्या औषधांची तुलना, कातडीवर चिकटवायचा औषधाचा पॅच, एन्झाइमच्या कॅप्सूल, मणक्याजवळ बसवायचा औषधाचा पंप यांवरही काम होतं.

अल्कोहोलच्या इंजेक्शनात नेमकं काय करतात?

रुग्णाला सहा तास उपाशी ठेवतात. आधी रक्त तपासतात. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली किंवा रक्त गोठायला वेळ लागत असेल तर सहसा पुढे जात नाहीत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते कधी बंद करायचं हे डॉक्टर सांगतात. मनानं बंद करू नका, कारण या कॅन्सरमध्ये पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. मग शिरेतून अर्धा ते एक लिटर सलाइन देतात. रुग्णाला पालथं झोपवून सीटी किंवा एक्स-रेच्या मदतीनं पाठीतून सुई घालतात, किंवा एंडोस्कोपीनं जठरातून घालतात. आधी थोडा रंगद्रव सोडून सुई जागेवर आहे ना ते बघतात. त्यानंतर बधिर करणारं औषध, आणि मग साधारण २० ते ४० मिलिलिटर अल्कोहोल.

नंतर काय होतं ते आधी माहीत असलं की धांदल उडत नाही. एकदम उठल्यावर रक्तदाब खाली येऊन चक्कर येते. म्हणून पहिला दिवस आधी बसायचं, मग पाय खाली सोडून थांबायचं, मग उभं राहायचं. काही दिवस पातळ जुलाब होतात, ते बहुतेकदा आपसूक थांबतात. पाठीत एक-दोन दिवस जास्त दुखू शकतं. क्वचित पायांची ताकद जाते. हे फार दुर्मीळ आहे, पण संमतीपत्रात ते लिहिलेलं असलंच पाहिजे. परिणाम साधारण तीन ते सहा महिने टिकतो. गाठ नसांच्या जाळ्यावरच पसरली असेल तर अल्कोहोल नीट पसरत नाही आणि इंजेक्शन फुकट जातं. डॉक्टरांचा हात चुकला असं समजायचं कारण नाही, जागाच उरलेली नसते.

गुण आला म्हणून दुसऱ्याच दिवशी मॉर्फिन तोडू नका. शरीराला सवय असते, एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, तगमग होते. टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

ट्रायलमध्ये जाईपर्यंत दुखणं सोसत राहायचं का?

मुळीच नाही. आमचं ठाम मत आहे: आधी दुखणं आवाक्यात आणा, मग ट्रायलचं बघा. ज्याला रात्रभर झोप नाही त्याला वीस पानांचं संमतीपत्र काय समजणार?

तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनची सुरुवात साधारणपणे ५ ते १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी अशी होते. वयस्कर किंवा किडनी कमजोर असलेल्यांना कमी, आणि जास्त अंतरानं. ‘दुखलं की घ्या’ असं हे औषध नाही, घड्याळावर घ्यायचं आहे. रात्री दहाला दुप्पट डोस देऊन दोनचा डोस गाळायची पद्धत आपल्याकडे बरीच चालते, म्हणजे झोप मोडत नाही. मधेच कळ आली तर दिवसभराच्या डोसाचा सहावा हिस्सा जादा घेतात. दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर जादा डोस १० मिलिग्रॅम. हे जादा डोस दिवसातून किती लागले ते वहीत लिहा, त्यावरूनच पुढचा डोस ठरतो. आकडे समजून घेण्यासाठी आहेत, डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा.

पहिल्या गोळीबरोबरच बायसाकोडिल किंवा सेनासारखं रेचक सुरू झालं पाहिजे. बद्धकोष्ठ होणारच, वाट बघायची नाही. घरात हात जातो तो इसबगोलाकडे. पाणी कमी पिणाऱ्या, मॉर्फिनवर असलेल्या रुग्णाच्या आतड्यात ते घट्ट होऊन बसतं. नका देऊ. पहिले तीन-चार दिवस मळमळ आणि गुंगी असते, ती ओसरते. पण हाक मारून, हलवूनही रुग्ण जागा होत नसेल किंवा मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास घेत असेल, तर थेट दवाखान्यात न्या.

मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट आला, असं गावात म्हणतात.

मॉर्फिन दुखण्याच्या मापानं देतात, उरलेल्या दिवसांच्या मापानं नाही. दुखणं उतरलं की माणूस जेवतो, ओसरीवर येऊन बसतो, केमो सोसतो. नीट देखरेखीखाली दुखण्यासाठी घेणाऱ्याला नशेबाज म्हणणं हा अन्याय आहे.

मिळत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे दुकानदार आणि दवाखाने मॉर्फिन ठेवायला घाबरत. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला आणि मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. आता मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवता येतात, वेगवेगळे परवाने काढत बसावं लागत नाही. तरी प्रत्येक मेडिकलवर मिळेल असं समजू नका. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, तिथलंच घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, आपलं जिल्हा रुग्णालय, धाराशिव-लातूरकडच्यांना जवळ पडणारं बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, इथे जाऊन दोनच प्रश्न विचारा (पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार): ‘पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी कोणत्या वारी असते?’ आणि ‘तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आज आहे का?’ निघायच्या आधी फोन करून विचारलं तर फेरा वाचतो.

मॉर्फिनऐवजी पॅच लावला तर?

गिळता येत नसेल, उलट्या होत असतील तर फेंटानिलचा पॅच सोयीचा. पण तासाला २५ मायक्रोग्रॅम औषध सोडणारा पॅच म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅमच्या आसपास तोंडी मॉर्फिन. आधी मॉर्फिन कधीच न घेतलेल्याला तो लावणं धोक्याचं आहे. पॅच ७२ तासांनी बदलायचा, जागा बदलून. पूर्ण जोर यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून लावल्याबरोबर ‘काहीच फरक नाही’ म्हणून दुसरा लावू नका.

मराठवाड्यात एक वेगळी अडचण येते. अंग तापलं की पॅचमधून औषध जास्त वेगानं शरीरात जातं. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांवर पत्र्याच्या खोलीत झोपणं, अंगात ताप असणं, पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवणं, या तिन्हींनी गुंगी वाढू शकते. उलट घामानं पॅच सुटतो आणि रुग्ण रात्रभर तळमळतो. दंडाऐवजी छातीच्या वरच्या भागावर, केस वस्तऱ्यानं न काढता कात्रीनं कापून, नुसत्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या कातडीवर लावा. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडा आणि लेकरांच्या हाती लागणार नाही असा टाका.

चालू असलेली ट्रायल शोधायची कुठे?

भारतात होणाऱ्या ट्रायलची नोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या सरकारी नोंदवहीत असते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. तिची वेबसाइट कुणालाही मोफत बघता येते. शोधताना इंग्रजीतून ‘पॅन्क्रियाटिक कॅन्सर पेन’ आणि वेगळं ‘सीलिअ‍ॅक प्लेक्सस’ असं टाइप करा. एकाच शब्दाने सगळं सापडत नाही. नोंद उघडली की तीन रकाने बघा. भरतीची स्थिती: ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असेल तरच पुढे जायचं. ट्रायलची केंद्रं: कोणत्या गावातल्या कोणत्या रुग्णालयात. आणि कोणाला घेणार, कोणाला नाही त्या अटी. संपर्काचा फोन तिथेच असतो. नोंदी वेळेवर अद्ययावत होतातच असं नाही, म्हणून फोन केल्याशिवाय गाडीत बसू नका.

बहुतेक केंद्रं मुंबई-पुण्याकडची निघतात, हे खरं आहे. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि नवी मुंबईत खारघरचं त्यांचं केंद्र, ही नावं तुम्हाला वारंवार दिसतील. कुणी एजंट ‘ट्रायलमध्ये नंबर लावतो’ म्हणून पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या.

आमच्या माणसाला घेतील का?

साधारण अटी अशा असतात: बायोप्सीनं कॅन्सर सिद्ध झालेला, ऑपरेशन शक्य नसल्याचं लिहिलेलं, दुखणं दहापैकी चार किंवा जास्त, कावीळ आटोक्यात, प्लेटलेट पुरेशा, आणि रुग्ण दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणाबाहेर.

नकार येतो तो बहुतेकदा कागदांमुळे. नुसता सीटीचा रिपोर्ट नेतात, सीडी घरीच राहते. बायोप्सीचा कागद असतो, पण तपासलेल्या तुकड्याच्या काचा आणि मेणात बसवलेला तो तुकडा (ब्लॉक) लॅबमध्येच असतो. तो अर्ज करून परत मागता येतो, त्याला दोन-चार दिवस लागतात. औषधांची यादी मिलिग्रॅमसकट लिहून न्या. ‘पांढरी छोटी गोळी’ म्हटल्यावर पुढचा काय करणार?

अण्णांना कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही. तरी ट्रायलमध्ये घेता येईल?

नाही. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे संमती रुग्णाची स्वतःची लागते. लेकानं किंवा जावयानं बाहेरच्या बाहेर सही करून चालत नाही. आजार काय आहे हे ठाऊक नसलेला माणूस संमती देऊच शकत नाही. बरेचदा अण्णांना सगळं कळलेलं असतं, घरच्यांना त्रास नको म्हणून तेच गप्प असतात. पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर किंवा समुपदेशक हे बोलणं करून देतात, तशी मदत मागा.

वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर संमतीपत्र वाचून दाखवतात आणि अंगठा घेतात. ते समजेल अशा भाषेत हवं, म्हणजे मराठीत. पुस्तकी मराठी कळली नाही तर ‘आमच्या बोलीत सांगा’ म्हणण्यात संकोच नको. एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. सही त्याच दिवशी करायची सक्ती नसते. घरी आणा, विचारा, मग ठरवा.

खोटं औषध देऊन तडफडत ठेवतील का?

प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी किंवा इंजेक्शन, काही ट्रायलमध्ये असतं. पण दुखण्याच्या नीट आखलेल्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना नेहमीची औषधं चालूच असतात आणि जादा डोसाची मुभा असते. संमतीपत्रात ‘रेस्क्यू औषध’ कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. ते नसेल तर सही करू नका. आपण कोणत्या गटात जाणार ते संगणक ठरवतो, ओळख लावून गट बदलत नाही.

दुखणं दहापैकी किती, हे सांगताच येत नाही.

आकड्यांपेक्षा जुन्या माणसांना रुपया सोपा जातो. ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ विचारलं की ‘बारा आणे’ असं पटकन उत्तर येतं. पण ट्रायलच्या वहीत शून्य ते दहाच लिहायचं असेल, तर पहिल्या दिवशीच नर्सकडून हिशोब ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. आकडा रुग्णानं सांगायचा, सुनेनं चेहरा बघून भरायचा नाही. आठवड्याची वही येण्याच्या आदल्या रात्री एकदम भरली तर ती बिनकामाची. आणि डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून आकडा कमी सांगू नका. साधारण दोन अंकांची उतरण ही खरी उतरण धरतात.

खर्च आणि जाणं-येणं कसं?

ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. प्रवासखर्च देणार का, किती, सोबत्याचा धरणार का, हे संमतीपत्रात असतं. ट्रायलबाहेरचा खर्च, म्हणजे नेहमीची केमो, स्टेंट (पित्तनलिका मोकळी ठेवणारी नळी) वगैरे, वेगळा. त्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधीच चौकशी करा.

कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरकडून देवगिरी किंवा नंदीग्राम, लातूर-धाराशिवकडून लातूर-मुंबई. खालचा बर्थ मागा. उताणं झोपवत नाही, म्हणून टेकायला दोन उशा घ्या. दर दोन तासांनी डब्यात चार पावलं चालवा. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली तर पोचल्यावर पहिलं तेच डॉक्टरांना सांगा. मॉर्फिन अंगावरच्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

ट्रायलच्या तारखा ठरवताना पेरणी आणि कापूस वेचणीचे दिवस आधीच सांगून टाका. दोन-चार दिवस इकडे-तिकडे बहुतेक ट्रायलमध्ये चालतं. न सांगता चुकलेली तारीख मात्र अडचणीची.

काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची?

ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि नुकसानभरपाईची तरतूद नियमांत आहे. गंभीर घटना घडली की संशोधकाने ती २४ तासांत औषध महानियंत्रक, ट्रायल चालवणारा प्रायोजक आणि रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीला कळवायची असते. त्या समितीचा फोन नंबर संमतीपत्रात असतो. डॉक्टरांविषयीच तक्रार असेल तर तिथे करा.

मात्र थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे, सतत उलट्या, काळी शौच, अचानक पोट लाकडासारखं कडक, यांपैकी काही झालं तर मुंबईच्या फोनची वाट बघू नका. स्टेंट तुंबून पित्तनलिकेत पू झाला तर तास महत्त्वाचे असतात. जवळचं मोठं रुग्णालय गाठा, ट्रायलचं कार्ड तिथल्या डॉक्टरांना दाखवा आणि वाटेतून केंद्राला कळवा.

वैद्यांचा काढा, झाडपाला सोबत चालेल?

लपवू नका, एवढंच. काही भस्मं आणि काढे यकृतावर ताण आणतात, आणि मग कावीळ गाठीनं वाढली की काढ्यानं, हे कुणालाच कळत नाही. दारू मात्र मॉर्फिनबरोबर अजिबात नको.

मधूनच सोडता येतं का?

केव्हाही, कारण न सांगता, आणि त्यामुळे त्या रुग्णालयातले नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. गोळी सोडता येते. पण अल्कोहोल टोचलेलं किंवा रेडिएशन दिलेलं परत काढता येत नाही, तिथे सोडणं म्हणजे फक्त पुढच्या फेऱ्या आणि प्रश्नावल्या सोडणं. तेव्हा अशा ट्रायलबद्दलच्या शंका सुई टोचण्याआधीच विचारून घ्या. सोडायचं ठरलं तर घरची मॉर्फिनची चिठ्ठी पुढे कोण लिहून देणार, हे त्याच भेटीत ठरवून निघा.